काचबिंदू आणि डोळ्यातील प्रथिनांचे जाळे

विहारात रविवारच्या वंदनेला न चुकता येणारे एक ज्येष्ठ उपासक होते. गेली काही वर्षे पायरीवर त्यांचा पाय चुकत असे. शेजारून कोणी 'जय भीम' केला तर ते उत्तर देत नसत, म्हणून 'काकांना हल्ली माणसे ओळखू येईनाशी झाली' अशी कुजबुजही झाली होती. कोणी विचारलेच तर ते म्हणत, "डोळ्यात बिंदू झालाय. पिकला की काढून टाकू." तीन वर्षे वाट पाहून ते नेत्रतज्ज्ञांकडे गेले, तेव्हा समजले की तो मोतीबिंदू नव्हताच, काचबिंदू होता. एक डोळा पूर्णपणे गेला होता. दुसऱ्यात नळीतून पाहावे एवढीच दृष्टी शिल्लक होती. शेजारून केलेला 'जय भीम' त्यांना दिसतच नव्हता.

मोतीबिंदू आणि काचबिंदू या दोन नावांतील साम्याने आपल्या समाजात अनेकांचे नुकसान केले आहे. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसवले की दृष्टी परत येते, म्हणून तेथे थोडी वाट पाहिली तरी चालते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारे मज्जातंतू मरतात आणि मेलेला तंतू पुन्हा जिवंत होत नाही. तेथे वाट पाहणे म्हणजे दृष्टी गमावणे होय.

'तपासणी करून घ्या' हा उपदेश आपण अनेकदा ऐकतो आणि विसरतो. कारण समजले म्हणजे उपदेश लक्षात राहतो. म्हणून प्रस्तुत लेखात काचबिंदूच्या मुळाशी असलेल्या एका गोष्टीची ओळख करून द्यायची आहे. ती गोष्ट म्हणजे पेशींच्या बाहेर, पेशींच्या मधल्या जागेत असलेले प्रथिनांचे जाळे. भगवान बुद्धांनी दुःख, दुःखाचे कारण, दुःखाचा निरोध आणि निरोधाचा मार्ग अशी मांडणी केली. चांगल्या वैद्याची रीतही हीच असते. आपणही त्याच क्रमाने जाऊ.

रोगाचे स्वरूप

काचबिंदू हा एकच रोग नसून रोगांचा समूह आहे. त्या सर्वांत दृष्टिचेतेची, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडीची, विशिष्ट प्रकारे हानी होते. या जुडीत सुमारे दहा ते बारा लाख तंतू असतात. ते हळूहळू मरत जातात. सुरुवातीला कडेची दृष्टी जाते आणि समोरचे वाचन मात्र बराच काळ शाबूत राहते. एका डोळ्यातील उणीव दुसरा डोळा भरून काढतो. दुखत नाही, लाली येत नाही. त्यामुळे रोग्याला आपण रोगी आहोत हेच कळत नाही.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतात चाळिशीपुढील सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा. दक्षिण भारतात घरोघर जाऊन केलेल्या पाहण्यांत असे आढळले की, ज्यांना काचबिंदू निघाला त्यांपैकी दहातील नऊ जणांना तो असल्याचे आधी ठाऊकच नव्हते. म्हणजे रोगाइतकाच रोगाविषयीचा अंधारही दाट आहे.

काचबिंदूचे दोन मुख्य प्रकार आहेत. पारपटल आणि रंगीत बुबुळ जेथे मिळतात तेथे एक कोन तयार होतो. 'बंद कोन' प्रकारात बुबुळच या कोनावर येऊन पाण्याची वाट अडवते. 'खुला कोन' प्रकारात वाट उघडी दिसते, पण वाटेवरची जाळी पाणी नीट सोडत नाही. आपल्या देशात दोन्ही प्रकार मोठ्या प्रमाणावर आढळतात. या लेखाचा विषय मुख्यतः दुसरा प्रकार आहे.

पाणी येते कोठून आणि जाते कोठे?

डोळ्याच्या पुढच्या भागात एक पारदर्शक द्रव सतत वाहत असतो. त्याला आपण नेत्रजल म्हणू. हे अश्रू नव्हेत. अश्रू डोळ्याच्या बाहेर असतात, तर नेत्रजल डोळ्याच्या आत असते. भिंग आणि पारपटल यांत रक्तवाहिन्या नसतात, कारण त्या असत्या तर त्यांतून पलीकडचे दिसले नसते. म्हणून त्यांना अन्न पुरवण्याचे आणि त्यांचा कचरा वाहून नेण्याचे काम हे नेत्रजल करते.

बुबुळाच्या मागे असलेल्या सिलिअरी बॉडी या भागात मिनिटाला साधारण अडीच मायक्रोलीटर नेत्रजल तयार होते. रात्री झोपेत हा वेग जवळजवळ निम्मा होतो. दिवसाचे सगळे पाणी एकत्र केले तरी चहाचा एक चमचा भरणार नाही. हे पाणी बाहुलीतून पुढे येते आणि त्याचा बराचसा भाग कोनातील एका जाळीतून गाळला जाऊन रक्तात मिसळतो. या जाळीला ट्रॅबेक्युलर मेशवर्क म्हणतात. जाळीपलीकडे एक बारीक गोलाकार नाली आहे. जर्मन शरीररचनातज्ज्ञ फ्रीडरिश श्लेम यांनी १८३० साली तिचे वर्णन केले, म्हणून ती श्लेमची नाली या नावाने ओळखली जाते.

जितके पाणी येते तितकेच बाहेर गेले तर डोळ्यातील दाब कायम राहतो. निरोगी डोळ्यात तो सर्वसाधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. मोरीच्या तोंडावरची जाळी तुंबली की नळाचा वेग तोच असूनही मोरीत पाणी साचते. डोळ्यातही असेच घडते. खुल्या कोनाच्या काचबिंदूत दाब वाढतो तो पाणी जास्त तयार झाल्यामुळे नव्हे, तर निचरा कमी झाल्यामुळे.

मोरीची उपमा येथवरच उपयोगी आहे. मोरीची जाळी तुंबते ती बाहेरून आलेल्या केसांनी आणि भाताच्या शितांनी. डोळ्यातील जाळी मात्र मुख्यतः स्वतःच्याच धाग्यांनी घट्ट होते. हे कसे घडते हे समजण्यासाठी पेशींच्या मधल्या जागेत डोकावले पाहिजे.

पेशींच्या मधले जग

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे असे आपण शाळेत शिकतो. ते खरे असले तरी पुरते नाही. पेशींच्या बाहेर, त्यांच्या अवतीभोवती, पेशींनीच तयार करून सोडलेल्या पदार्थांचे एक जाळे असते. इंग्रजीत त्याला एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स म्हणतात. आपण त्याला पेशीबाह्य जाळे म्हणू. पूर्वी असे समजले जाई की पेशी म्हणजे विटा आणि हे जाळे म्हणजे मधला चुना. आता कळले आहे की हा 'चुना' सतत बदलत असतो. पेशी तो तयार करतात, तोडतात आणि पुन्हा तयार करतात. इतकेच नव्हे, तर तो मऊ आहे की कडक यावरून पेशी आपले वागणे ठरवतात.

या जाळ्यातील प्रमुख घटक विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहेत. कोलॅजेन हे दोरासारखे मजबूत प्रथिन असून ते आधार देते. त्याचे अनेक प्रकार आहेत. इलॅस्टिन हे नावाप्रमाणे लवचीक आहे. ताणले की लांबते आणि सोडले की मूळ आकारात येते. फायब्रिलिन त्याला सांगाडा पुरवते. लॅमिनिन आणि चौथ्या प्रकारचे कोलॅजेन मिळून पेशींच्या तळाशी चटईसारखा पातळ थर करतात. फायब्रोनेक्टिन पेशींना धाग्यांशी आणि धाग्यांना एकमेकांशी जोडते. याशिवाय प्रोटिओग्लायकन आणि हायलुरोनिक आम्ल हे पाणी धरून ठेवणारे, लापशीसारखे घटक मधल्या पोकळ्या भरतात. यांपैकी हायलुरोनिक आम्ल हे प्रथिन नसून शर्करेची लांब साखळी आहे.

डोळ्यातील जाळीची रचना पाहिली तर घरातल्या चाळणींची आठवण होते. आतल्या बाजूला मोठी भोके असलेली चाळण, मग बारीक भोकांची चाळण आणि अगदी बाहेर, श्लेमच्या नालीला चिकटून, वस्त्रगाळ करावे तसा एक पातळ थर. पहिल्या दोन भागांतील पट्ट्यांच्या गाभ्यात कोलॅजेन आणि इलॅस्टिन असते आणि त्यांवर पेशींचे आवरण असते. तिसऱ्या थराची जाडी काही मायक्रॉन एवढीच. त्यात सैलसर पसरलेल्या पेशी आणि त्यांच्या अवतीभोवती भरलेले पेशीबाह्य जाळे असते. पाण्याला होणारा सर्वाधिक अडथळा येथे आणि त्याला लागून असलेल्या श्लेमच्या नालीच्या आतल्या भिंतीत होतो.

हे कसे कळले? स्वीडनमधील उप्साला येथील अर्न्स्ट बाराणी यांनी १९५०च्या दशकात गायीबैलांच्या डोळ्यांत हायलुरोनिक आम्ल तोडणारे एन्झाइम सोडले, तेव्हा पाण्याला होणारा अडथळा कमी झाला. माणसाच्या डोळ्यात हा परिणाम इतका सरळ दिसला नाही, परंतु अडथळ्याचा संबंध पेशींमधल्या पदार्थाशी असावा ही दिशा मिळाली. पुढे १९६३ साली अमेरिकेतील मॉर्टन ग्रँट यांनी मृत्यूनंतर काढलेल्या मानवी डोळ्यांतून द्रव सोडून मोजमाप केले. जाळी छेदल्यावर एकूण अडथळ्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश अडथळा नाहीसा झाल्याचे त्यांना दिसले. तेव्हापासून काचबिंदूच्या संशोधकांचे लक्ष या इवल्याशा जाळीवर खिळले.

जाळी घट्ट का होते?

निरोगी जाळीत बांधणे आणि तोडणे यांचा तोल असतो. डोळ्यातील दाब थोडा वाढला की जाळी ताणली जाते. पेशींना हा ताण जाणवतो. त्या मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज नावाची एन्झाइमे अधिक प्रमाणात सोडतात. ही एन्झाइमे म्हणजे जणू कात्र्याच आहेत. जुने धागे कापले जातात, नवे घातले जातात, वाट मोकळी होते आणि काही दिवसांत दाब पूर्ववत होतो. हे आपल्या नकळत आयुष्यभर चाललेले असते.

वय वाढते तसा हा तोल ढळू लागतो. जाळीतील पेशींची संख्या कमी होते. काम तेवढेच आणि हात कमी अशी अवस्था होते. खुल्या कोनाच्या काचबिंदूत पेशी आणखी कमी झालेल्या आढळतात आणि बाहेरच्या थरात लवचीक धाग्यांच्या आवरणापासून बनलेले पदार्थ साचून जाड झालेले दिसतात.

यात एका संदेशवाहक प्रथिनाचा मोठा वाटा आहे. त्याचे नाव टीजीएफ-बीटा-२. शरीराला जखम झाली की ती भरून काढण्यासाठी या कुटुंबातील प्रथिने पेशींना 'धागे विणा' असा निरोप देतात. तो निरोप योग्य वेळी थांबला तर जखम भरते. थांबला नाही तर व्रण कठीण होतो. खुल्या कोनाच्या काचबिंदूच्या अनेक रोग्यांच्या नेत्रजलात टीजीएफ-बीटा-२चे प्रमाण वाढलेले असते, हे १९९०च्या दशकापासून दिसून आले आहे. त्याच्या प्रभावाने जाळीतील पेशी फायब्रोनेक्टिन आणि कोलॅजेन जास्त तयार करतात. धाग्यांना आडवे टाके घालून त्यांना घट्ट बांधणारी एन्झाइमे वाढतात. वर कात्र्यांना आवर घालणारी प्रथिनेही वाढतात. म्हणजे विणकाम वाढले, टाके वाढले आणि कात्री बोथट झाली. डोळ्यात जखम नसताना जखम भरण्याचे काम सुरू राहिले असे म्हणता येईल.

परिणामी जाळी कडक होते. २०११ साली अणुबल सूक्ष्मदर्शक या उपकरणाने केलेल्या मोजमापात काचबिंदू झालेल्या डोळ्यांतील जाळी निरोगी जाळीपेक्षा कितीतरी पट कडक आढळली. किती पट हा आकडा मोजण्याच्या पद्धतीनुसार बदलतो. कडक जाळ्यावर बसलेल्या पेशी अधिक जोराने आकुंचन पावतात आणि आणखी धागे विणतात, त्यामुळे जाळी अधिकच कडक होते. हे असल्यामुळे ते होते, आणि ते झाल्यामुळे पुन्हा हे वाढते. प्रतीत्यसमुत्पादाचा अभ्यास केलेल्या वाचकांना ही कारणांची साखळी समजायला जड जाणार नाही. दुवा तोडला तर साखळी थांबते, हेही त्यांना सांगायला नको.

काही कुटुंबांत या साखळीचा आरंभ जनुकात असतो. १९९७ साली मायोसिलिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातील बिघाड आणि तरुण वयात होणारा काचबिंदू यांचा संबंध उघड झाला. प्रौढ रोग्यांपैकी शेकडा तीन-चार जणांत हा बिघाड सापडतो. एरवी हे प्रथिन पेशीबाहेर सोडले जाते. बिघडलेले प्रथिन मात्र नीट घडी न बसल्याने पेशीतच अडकून साचते आणि पेशीला घातक ठरते.

दुसरे उदाहरण एक्सफोलिएशन या विकाराचे. यात भिंगावर आणि बाहुलीच्या कडेला कोंड्यासारखा पांढरा पदार्थ साचतो. फिनलंडमधील जॉन लिंडबर्ग यांनी १९१७ साली त्याचे वर्णन केले. तो पदार्थ मुख्यतः फायब्रिलिनसारख्या लवचीक धाग्यांच्या प्रथिनांचा असतो. २००७ साली आइसलँड आणि स्वीडनमधील लोकांच्या अभ्यासातून या विकाराचा संबंध एलओएक्सएल-१ या जनुकाशी जोडला गेला. इलॅस्टिनच्या धाग्यांना टाके घालणे हेच या जनुकाच्या एन्झाइमचे काम आहे.

स्टिरॉइडचे थेंब : एक सावधगिरी

पेशीबाह्य जाळे बिघडण्याचे एक कारण असे आहे की जे सर्वस्वी आपल्या हातात आहे. डोळे लाल झाले, खाज सुटली की अनेकजण औषधांच्या दुकानातून थेंब आणतात. त्यांपैकी काहींत स्टिरॉइड असते. दोन दिवसांत लाली जाते, बरे वाटते, आणि मग तीच बाटली वर्षानुवर्षे घरात वापरली जाते.

स्टिरॉइडमुळे जाळीतील पेशी फायब्रोनेक्टिन आणि चौथ्या प्रकारच्या कोलॅजेनसारखे पदार्थ अधिक तयार करतात, कात्र्यांचे काम मंदावते आणि पेशींचा आतला सांगाडाही ताठ होतो. काही आठवडे असे थेंब वापरल्यास सुमारे एक तृतीयांश लोकांत डोळ्याचा दाब कमीअधिक वाढतो आणि थोड्या लोकांत तो फार वाढतो. आपण कोणत्या गटात आहोत हे आधी सांगता येत नाही. ज्या मुलांच्या डोळ्यांना दर उन्हाळ्यात ॲलर्जीची खाज सुटते, त्यांच्या बाबतीत हा धोका विशेष आहे. अशा मुलांपैकी काही जणांची दृष्टी शालेय वयातच अधू झाल्याची उदाहरणे आपल्या देशातील नेत्रतज्ज्ञ वारंवार पाहतात.

स्टिरॉइड हे वाईट औषध आहे असा याचा अर्थ नाही. योग्य रोगात ते डोळा वाचवते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि दाब मोजत वापरावे, एवढेच सांगणे आहे. चालू असलेले स्टिरॉइडही स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये.

डोळ्याच्या मागची दुसरी चाळणी

आतापर्यंत आपण डोळ्याच्या पुढच्या भागाविषयी बोललो. परंतु दृष्टी जाते ती मागच्या भागातील हानीमुळे. दृष्टिचेतेचे तंतू डोळ्यातून बाहेर पडताना एका भोकाभोकांच्या चकतीतून जातात. तिला लॅमिना क्रिब्रोसा म्हणतात. लॅटिनमध्ये याचा अर्थच चाळणीसारखा पडदा असा आहे. ही चकतीदेखील कोलॅजेन, इलॅस्टिन आणि इतर पेशीबाह्य घटकांची बनलेली असते.

तरुण, निरोगी डोळ्यात ही चाळणी दाबाच्या चढउतारांबरोबर किंचित मागेपुढे होते. काचबिंदूत तिच्यातील कोलॅजेनची ठेवण बदलते आणि इलॅस्टिनचे धागे विस्कळीत होतात. जुन्या पायजम्याचे इलॅस्टिक जसे ताणूनही लांबत नाही आणि सोडूनही आवळत नाही, तशी तिची गत होते. चाळणी मागे वाकते, भोके वेडीवाकडी होतात आणि त्यांतून जाणाऱ्या तंतूंची कोंडी होते. तंतूंमधून होणारी पोषक द्रव्यांची ने-आण अडते, रक्तपुरवठ्यावर परिणाम होतो आणि तंतू मरू लागतात.

यावरून एक कोडे उलगडायला मदत होते. काहींचा दाब २१च्या वर असूनही दृष्टिचेता शाबूत राहते आणि काहींचा दाब सामान्य असूनही काचबिंदू होतो. रक्तपुरवठा आणि आनुवंशिकता यांसारखी इतर कारणे आहेतच. पण मागची चाळणी किती सोसू शकते हाही त्यातील एक भाग आहे. म्हणून केवळ दाब मोजून 'काचबिंदू नाही' असे म्हणता येत नाही.

उपचार काय करतात?

गेलेली दृष्टी परत आणणारे औषध आज उपलब्ध नाही. उरलेली दृष्टी टिकवता मात्र येते आणि त्याचा सिद्ध मार्ग म्हणजे दाब कमी करणे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत, दाब वाढलेला पण हानी न झालेल्या लोकांना औषध दिले, तेव्हा पाच वर्षांत काचबिंदू होण्याचे प्रमाण शेकडा साडेनऊवरून शेकडा साडेचारच्या आत आले.

टिमोलॉलसारखे थेंब पाणी तयार होणे कमी करतात. दम्याच्या रोग्यांनी आपला दमा डॉक्टरांना अवश्य सांगावा, कारण हे औषध त्यांना अपायकारक ठरू शकते. १९९६ पासून वापरात असलेले लॅटॅनोप्रॉस्ट पाण्याची दुसरी वाट रुंद करते. त्याच्यामुळे सिलिअरी स्नायूतील कात्री-एन्झाइमे वाढतात, तेथील कोलॅजेन विरळ होते आणि पाणी झिरपू लागते. म्हणजे पेशीबाह्य जाळ्यावरच हा उपाय आहे. रिपासुडिल जपानमध्ये २०१४ साली आणि नेटारसुडिल अमेरिकेत २०१७ साली मान्य झाले. ही औषधे थेट जाळीतील पेशींचा ताठपणा सैल करतात.

जाळीवर लेझर किरण सोडण्याचा उपचार १९७९ पासून रूढ झाला. किरणांच्या सौम्य आघाताने जाळी ताणली जात असावी असे आरंभी वाटले. नंतर असे दिसले की लेझरनंतर पेशी धागे कापणारी एन्झाइमे अधिक सोडतात. २०१९ साली ब्रिटनमधील चाचणीत नव्या पद्धतीच्या लेझरने उपचार सुरू केलेल्या रोग्यांपैकी शेकडा ७४ जणांना तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय अपेक्षित दाब राखता आला.

एवढ्याने भागले नाही तर शस्त्रक्रियेने पाण्याला नवी वाट करून देतात. पण शरीर त्या वाटेलाही जखम समजते आणि तेच टीजीएफ-बीटा, तेच कोलॅजेन ती बुजवू लागते. म्हणून शल्यक्रियेच्या वेळी व्रण रोखणारे औषध लावावे लागते. टीजीएफ-बीटा-२लाच अडवणारे एक प्रतिपिंड तयार करण्यात आले होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही. कारण समजले म्हणजे औषध लगेच हाती लागते असे नाही. विज्ञान असेच पडत, सावरत पुढे जाते.

दान दिलेल्या डोळ्यांचे ऋण

या लेखातील पुष्कळसे ज्ञान मरणोत्तर दान केलेल्या डोळ्यांमुळे मिळाले आहे. जाळीचा कडकपणा मोजायचा, तिच्यातून द्रव सोडून पाहायचा, तर मानवी डोळाच हवा. राजा शिबीने डोळे दान केल्याची जातककथा आपल्याला माहीत आहे. बौद्धबहुल श्रीलंकेत डॉ. हडसन सिल्वा यांनी १९६१ साली नेत्रदान संस्था स्थापन केली आणि त्या छोट्या देशातून अनेक देशांना पारपटले पाठवली गेली.

काचबिंदूने गेलेली दृष्टी पारपटल बसवून परत येत नाही, कारण बिघाड दृष्टिचेतेत असतो. तरीही नेत्रदान दोन परींनी उपयोगी पडते. पारपटल एखाद्या अंधाला दृष्टी देते, आणि प्रत्यारोपणाला न चालणारा डोळा संशोधनाला चालू शकतो. चष्मा असलेले, मधुमेह असलेले, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेलेही नेत्रदान करू शकतात. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढले जावे लागतात, त्यामुळे नेत्रपेढीला लगेच कळवणे आवश्यक असते. म्हणून आपली इच्छा घरच्यांना आजच सांगून ठेवावी.

आपण काय करावे?

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्यांची संपूर्ण तपासणी करून घ्यावी. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. तपासणीत डोळ्याचा दाब, पाणी वाहून जाण्याचा कोन, दृष्टिचेतेचे तोंड आणि गरज वाटल्यास कडेच्या दृष्टीचे क्षेत्र पाहिले जाते. जिल्हा रुग्णालये आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या नेत्रविभागांत ही सोय असते.

आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. म्हणून घरात एकाला काचबिंदू निघाला की इतरांनी तो आपल्याला नाही असे गृहीत न धरता तपासून घ्यावे. अचानक डोळा लाल होऊन असह्य दुखू लागला, दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली, उलट्या झाल्या, तर तो बंद कोनाचा तीव्र झटका असू शकतो. तेव्हा पित्ताची गोळी घेऊन रात्र काढू नये, तातडीने रुग्णालय गाठावे.

औषध सुरू असणाऱ्यांनी एक गोष्ट मनात पक्की करावी. थेंब टाकल्याने अधिक चांगले दिसू लागणार नाही आणि एखादा दिवस चुकल्याने लगेच वाईटही दिसणार नाही. म्हणूनच अनेकजण थेंब सोडून देतात. पण ती जाळी आपल्याला न विचारता विणली जात असते. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिट-दोन मिनिटे हलकेच दाबून धरावा. दोन औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत.

विद्यार्थी मित्रांनी एक काम अवश्य करावे. सुट्टीत घरी गेलात की आजी-आजोबांना विचारा, "डोळ्यात बिंदू आहे म्हणता, तो मोतीबिंदू की काचबिंदू? कोणी तपासून सांगितले?" उत्तर 'पिकला की काढू' असे आले, तर त्यांना तपासणीला घेऊन जा. लेखाच्या आरंभी ज्यांचा उल्लेख केला त्या काकांना हा प्रश्न तीन वर्षे आधी कोणी विचारला नाही. आज ते नातवाचा हात धरून विहारात येतात आणि शेजारून कोणी 'जय भीम' केला तर नातू त्यांना हळूच सांगतो.

ज्या समाजाला शिकण्याची, वाचण्याची वाट फार उशिरा मोकळी झाली, त्याने वाचणारे डोळे तरी जपले पाहिजेत.

सर्वांचे मंगल होवो.